काटा बरोबर आहे

तिने चपला काढल्या, घड्याळ काढलं, मग कानातलेही काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवले आणि काट्यावर चढली.

"केसांतली पिन राहिली की, ताई," सिस्टर हसत म्हणाली.

तिने पिनही काढली. आकडे वरखाली झाले आणि थांबले. शहाण्णव.

"बिघडलंय हे." ती उतरली, पुन्हा चढली. शहाण्णवच. "आज सकाळी घरी एक्क्याण्णव होतं!"

"घरचे काटे असेच असतात हो."

"आमचा नाही. ह्याचा धंदाच तो आहे. दुकानादुकानांतले काटे दुरुस्त करतो, चिमूटभर लबाडी चालू देत नाही. अरे, बघ ना जरा!"

तो गुडघ्यांवर बसला. काटा समपातळीत आहे का पाहिलं, पिशवीतून पितळी वजन काढून ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. एवढ्याशा कामाला त्याने फार वेळ घेतला.

"काटा बरोबर आहे," तो फरशीला म्हणाला.

त्याचे कान लाल झाले होते. तिने ते पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

बाहेरच्या बाकावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजनाने बीजकोष निपचित पडलेत, नव्वदीच्या आसपास या, मग इंजेक्शनं सुरू करू. आणि हे वर्ष हातचं जाऊ देऊ नका. त्यासाठी तिने काय काय सोडलं नव्हतं! पुतणीच्या वाढदिवसालाही ती नुसतं पाणी पीत बसली होती. जाऊ म्हणाली होती, "आमच्या घरचं गोड लागत नाही वाटतं?" तेही तिने पाण्यासोबत गिळलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू मोरीत चक्कर येऊन पडलीस ना, तेव्हापासून. वजन हललं नाही की तू दोन-दोन दिवस उपाशी राहायचीस. मग मी घरच्या काट्यावर थोडं थोडं उतरवत गेलो. आकडा उतरला की जेवायचीस."

"मला जेवण नको होतं रे." तिचा आवाज फाटला. "मूल हवं होतं. मी रोज सकाळी त्या आकड्याच्या पाया पडायचे. आणि तू..."

त्याने मुठीतले कानातले पुढे केले. तिने घेतले नाहीत.

सोनोग्राफीच्या खोलीत ती डोळे मिटून पडून राहिली. आता बघण्यासारखं काय उरलं होतं? डॉक्टरीणबाईंचा हात मात्र एका जागी थांबला.

"मधे पाळी आली होती का?"

"आली होती. दोन आठवडे झाले असतील. एरवी गोळ्यांनीच येते; ही गोळ्या न घेता आली, म्हणून मी ती धरलीच नाही."

"धरायची होती. इकडे बघा." पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक काळं, वाटोळं डबकं होतं. "हे तुमचं बीज. आपलं आपण वाढलंय."

"पण वजन तर..."

"पहिल्यांदा आलात तेव्हा एकशे पाच होतात. नऊ किलो उतरलंय, बाई. काहींना एवढ्यानेही जाग येते. मूल राहीलच असं मी म्हणत नाही. पण आज इंजेक्शन नको. हे दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत, वाया घालवू नका." मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तो दाराशी, ती भिंतीकडे. "भांडलात की काय?"

तिने पर्स उचलली आणि ती खोलीबाहेर पडली.

बाहेर ऊन रणरणत होतं. तो पुढे होऊन स्कूटर काढू लागला. ती दोन पावलं लांब उभी राहिली, पर्स छातीशी घट्ट धरून.

"मी भयंकर चिडलेय," ती म्हणाली.

"हो."

"महिनाभर तुझ्याशी बोलणार नव्हते."

"बरं."

"वेगळ्या खोलीत झोपणार होते."

त्याने मान हलवली. रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. तो दूर जाईपर्यंत ती थांबली.

"तेवढी सवड नाही आपल्याला," ती म्हणाली आणि मागे बसली.

त्याने किल्ली लावायला घेतली, पण कितीतरी वेळ ती भोकात जाईचना.