माझ्या पोटावरचा अर्धा गुणाकार

मी टेबल बोलतोय. पाय छताकडे आहेत म्हणून घाबरू नका, मी मेलेलो नाही. मला उलटं ठेवलंय, आणि तेही मोठ्या मानाने. विद्यापीठाच्या दालनात मध्यभागी पडलेला असतो, पोटावर काच, भोवती दोरी. येणारेजाणारे वाकून बघतात, "वा!" म्हणतात आणि चहाला जातात. त्यांना घाई असते. तुम्हाला नसेल तर जरा थांबा, माझं थोडं ऐका.

मी जातिवंत लाकडाचा. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पूर्वी मला त्याचा फार तोरा होता. ज्या सुताराने मला रंधा मारला, तो पाठीवर थाप देऊन म्हणाला होता, "या टेबलावर शिकून कुणीतरी मोठं होणार बघ." ते मी मनाला लावून घेतलं. दुकानात शेजारी एक मोडकं स्टूल होतं, त्याच्याशी मी शेवटपर्यंत बोललो नाही.

मला विकत घेतलं एका प्राध्यापकांनी, आपल्या मुलासाठी. त्या मुलाला मी मनातल्या मनात बाळराजे म्हणायचो. बाळराजे माझ्याजवळ कधी बसलेच नाहीत. माझ्यावर त्यांचे मोजे असत, रॅकेट असे, आणि एक अर्धं खाल्लेलं सफरचंद बरेच दिवस होतं. अभ्यास ते पलंगावर पालथे पडून करत. अडलं की आईला हाक मारत. आईला नाही जमलं तर शिकवणीचे मास्तर येत. मास्तरांचं समजलं नाही, तर मास्तर काय म्हणाले ते समजावायला दुसरे मास्तर येत. शाळेत उत्तर चुकलं की तिथल्या बाई म्हणत, "हा मुलगा वेगळा विचार करतो हं!" दरवर्षी बाळराजे पहिले येत आणि मी लाकूड फुगेपर्यंत खूश होत असे. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे.

गंमत म्हणजे प्राध्यापकांनाही तसंच वाटलं.

त्यांच्या संशोधनाचा विषयच तो होता. शाळेत सगळी मुलं आधी एकत्र असत, वर्षाच्या मध्यावर त्यांच्या तुकड्या पाडत. अ तुकडी वरच्या मजल्यावर, उजेडात. क तुकडी खाली, अडगळीच्या खोलीशेजारी. पुलापलीकडच्या वस्तीतली मुलं, म्हणजे जे लोक कुठून कुठून कामासाठी येऊन राहिले होते आणि घरात वेगळी भाषा बोलत, त्यांची मुलं हटकून क तुकडीत जात. असं का होतं? प्राध्यापक त्या वस्तीत घरोघर हिंडले. आणि एके दिवशी धापा टाकत आले.

"सापडलं!" ते म्हणाले. "त्यांच्या घरात टेबल नाही!"

प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या घरातलं टेबल द्यायचं ठरवलं, याबद्दल मात्र त्यांना मानलं पाहिजे. बाळराजेंना विचारलं, तर ते पलंगावरून म्हणाले, "न्या ना बाबा. फक्त माझी रॅकेट काढून ठेवा."

तर मी हातगाडीवरून पूल ओलांडून गेलो. एका इस्त्रीवाल्या बाईच्या खोलीसमोर गाडी थांबली. ती विधवा होती, तिला एकच मुलगी. ही पोर सदा पेन्सिल कुरतडायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. तिचे ते पुढचे दात बघितले आणि मी आतून हादरलो. लाकडाच्या माणसाला दुसरी भीती कसली असणार?

मी दारातून आत जाईना. शेवटी चौकट काढली. मी आत गेलो तशा मायलेकी भिंतीला चिकटत चिकटत बाहेर आल्या.

"साहेब," इस्त्रीवाली पदराला हात पुसत म्हणाली, "हे आत राहिलं तर आम्ही कुठं राहायचं?"

"जुळवून घ्या, बाई. प्रश्न शिक्षणाचा आहे."

"आणि याची खुर्ची?"

"खुर्ची पुढच्या वर्षी मंजूर होईल."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती मी.

पहिल्याच दिवशी इस्त्रीवालीने माझ्यावर घोंगडी घातली, तिच्यावर जुनी चादर, आणि धाडकन इस्त्री टेकवली. माझा संताप झाला. कुठे ते सफरचंद आणि कुठे हा चटका! पण खरं सांगतो, बाळराजेंकडे इतकी वर्षं उभा होतो, कुणी माझ्यावर एक दिवस काम केलं नव्हतं. इथे सकाळपासून सदरे, परकर, पडदे. मला हळूहळू ते आवडू लागलं.

आणि खारू माझ्याखाली गेली. खोलीत तेवढीच जागा उरली होती. पाठीला उशी घेऊन ती उताणी पडायची आणि कपड्यांवर खूण करायच्या खडूने माझ्या पोटावर गणितं मांडायची. शाळेत नुकताच हातचा शिकवला होता. ती त्या हातच्यावर इतकी खूश होती, की दिसेल त्याचा गुणाकार करायची.

"आई, आज सदरे किती गं?"

"सत्तेचाळीस."

"एकाला बटणं सहा. थांब हं, सांगते!"

वर आई विचारायची, "असंच का? खालचा आकडा वर कशाला नेतेस?" खाली लेक सांगायची, "वर नेला नाही तर हरवतो ना, आई." हे सगळं त्यांच्या घरच्या भाषेत. मी ती ऐकून ऐकून शिकलो. त्या महिन्यात खारूचा पेपर बरोबर निघाला. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "कुणाचं बघून लिहिलंस?"

तिला अ तुकडीत जायचं होतं, आणि त्याला कारण होतं. अ तुकडीत गुणाकाराच्या पुढे भागाकार होता. क तुकडीत सगळं मागे नेत. तिथे पुढे नुसत्या बिनहातच्याच्या बेरजा. "त्या मुलांना हातचा झेपत नाही," असं शाळेचं मत होतं, आणि न शिकवल्यामुळे ते मत दरवर्षी खरं ठरायचं.

मग प्रयोग कसा चाललाय ते बघायला एक बाई आल्या. प्राध्यापकांनीच नेमलेल्या. टेबलाशी कसं वागावं ते वस्तीला शिकवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांना वळणबाई म्हणतो. माझ्यावर इस्त्री बघून त्या मटकन बसणारच होत्या, पण खुर्ची नव्हती म्हणून उभ्या राहिल्या.

"अभ्यासाच्या टेबलावर परकर! अहो, म्हणूनच तुमची मुलं मागे पडतात. घरात वातावरणच नाही."

"वातावरण आणायला जागा कुठंय, बाई?" इस्त्रीवाली म्हणाली.

माझ्यावरची घोंगडी निघाली. इस्त्री जमिनीवर गेली, इस्त्रीवालीची कंबर धरली, गिऱ्हाइकांचे कपडे उशिरा जाऊ लागले. आणि दुपारी बसण्याचा वर्ग सुरू झाला.

"खुर्ची आहे असं धरून बसा," वळणबाई सांगायच्या. "पाठ ताठ. कोपर टेबलावर. आता चेहऱ्यावर जिज्ञासा."

मायलेकी माझ्यासमोर गुडघे वाकवून हवेत बसायच्या. पाय लटलट कापायचे. इस्त्रीवाली पुटपुटायची, "हसू नको गं, जिज्ञासा घालवशील." खारूला हसू फुटायचं आणि दोघी धपकन पडायच्या. वळणबाई मान हलवायच्या. त्या गेल्या की खारू पुन्हा माझ्या पोटाखाली शिरायची.

तुकड्या पडायच्या दिवशी प्राध्यापक स्वतः आले. ठरलं होतं असं, की वस्तीतलं मूल टेबलाशी नीट बसून उत्तरं देऊ लागलं, तर त्याला अ तुकडी. प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. वरून मी स्वच्छ, रिकामा.

"मुलगी कुठे आहे?"

"खाली," आई म्हणाली.

ती खडू घेऊन सदऱ्यांच्या बटणांचा गुणाकार पुन्हा करून बघत होती. सराव म्हणून. "सात सक बेचाळीस," मला ऐकू येत होतं. बेचाळीसचे दोन तिने खाली मांडले, हातचे चार वर छोटेसे लिहिले.

प्राध्यापकांनी वरूनच विचारलं, "बाळ, बारा पंचे किती?"

"साठ," टेबलाखालून आवाज आला.

"अरे वा! आता वर बसून सांग."

ती बाहेर आली. माझ्यासमोर हवेत बसली. पाठ ताठ केली, कोपर टेकवले. मी जीव एकवटून स्थिर राहिलो, दुसरं काय करू शकत होतो? "बारा पंचे..." ती म्हणाली, आणि तिचे पाय कापू लागले. तिने सगळं लक्ष पायांकडे दिलं आणि ती पडली.

"बघितलंत?" वळणबाई म्हणाल्या. "उत्तर येतं, पण बसता येत नाही."

प्राध्यापकांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, मी बघितलं. पण प्रयोग म्हणजे प्रयोग. "क तुकडी," ते हळूच म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. पेन हातातून निसटलं आणि माझ्याखाली घरंगळलं. ते घ्यायला वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

माझं पोट कडेपासून कडेपर्यंत गणितांनी भरलेलं होतं.

मला वाटलं, आता सुटली पोर! मी आनंदाने कुरकुरलोसुद्धा. प्राध्यापक लाल चेहऱ्याने बाहेर आले आणि ओरडले, "सापडलं! आपण टेबल चुकीच्या बाजूने दिलं! ते उलटं द्यायला हवं होतं!"

लगेच हमाल आले. मला उलटं करून उचललं. चौकट पुन्हा काढली. खारू मागे धावत होती आणि घाईघाईत तिच्या घरच्या भाषेत ओरडत होती, "थांबा, माझं राहिलंय! हातचा मिळवायचा राहिलाय!"

"काय म्हणतेय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"काही नाही, त्यांच्या भाषेत काहीतरी," वळणबाई म्हणाल्या. तिचं बोलणं कळलेला तिथे मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. आता सगळ्या शाळांत टेबलं उलटी आहेत. मुलं पायांच्या मध्ये बसतात. समितीच्या बैठकासुद्धा तशाच होतात. सभासद कोट सांभाळत आत उतरतात, वयस्करांना हात धरून बाहेर काढावं लागतं. बाळराजे अजून पहिले येतात, पलंगावर. वस्तीतली मुलं अजून क तुकडीत जातात. खारूही तिथेच गेली. पालथ्या घड्यावर पाणी. प्राध्यापकांचं म्हणणं, टेबलं अजून पुरेशी उलटी झालेली नाहीत.

आणि ज्यासाठी तुम्हाला थांबवलं, ते हे. काल दालनाचे पडदे इस्त्री होऊन आले. गठ्ठा डोक्यावर घेऊन इस्त्रीवाली आली होती. बरोबर खारू. किती उंच झालीय! आईने पडदे लावेपर्यंत ती दोरीशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग एकदम हसली. "आई, माझं अक्षर!"

माझ्या लाकडातून कळ गेली. मी म्हटलं, आता पुरा करते गुणाकार. सहा चोक चोवीस, त्यात हातचे चार. कर, पोरी, मनातल्या मनात तरी कर.

तिने काचेवर बोट टेकवलं. सात, चार, सहा, खालचा दोन, सगळं बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. मग ती आईकडे वळली.

"आई, हा चार असा वरती कशाला गं लिहिलाय?"

आईच्या हातातला पडदा तसाच राहिला. "तूच सांगायचीस की गं मला," ती म्हणाली.

मला हलता येत नाही, पाय वर आहेत. तुमचे जमिनीवर आहेत. पुलापलीकडे दार मोडलेली एक खोली आहे, इस्त्रीचा वास येतो, सहज सापडेल. तिथे पेन्सिल कुरतडणारी एक मुलगी भेटेल. तिला सांगा, तो चार तिचाच आहे. तो हरवू नये म्हणून तिनेच वर लिहून ठेवलाय, आणि मी तो अजून पुसू दिलेला नाही.