फुंकणीची सवय

हिंगोलीच्या दवाखान्यात, हृदयाच्या अतिदक्षता विभागात, माझ्या शेजारच्या खाटेवर हट्टा गावची सात वर्षांची कहकशा होती. तिच्या काळजातलं छिद्र दोन दिवसांपूर्वीच बुजवलं होतं. माझी बायपास त्याच्या आदल्या दिवशी झालेली. सकाळी पुनम सिस्टरनं आम्हा दोघींना श्वासाच्या व्यायामाचं एकेक यंत्र दिलं. नळी तोंडात धरून आतले तीन चेंडू वर न्यायचे. दुखतं म्हणून कहकशा नळीला तोंडच लावेना.

"छातीत कफ साठला तर लेकराला पुन्हा मशीनवर ठेवावं लागेल, आजी," सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली.

"बघ गं पोरी," मी कहकशाला म्हटलं, "साखऱ्यात, माझ्या सासरी, चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी फुंकली मी. कापसाच्या ओल्या पऱ्हाटीचाबी जाळ काढायची. सासू मला लोहाराचा भाता म्हणायची."

छातीवर उशी दाबून, गाल फुगवून मी फुंकलं. चेंडू हलेनात. पुन्हा फुंकलं, तरी तेच.

कहकशानं डोकं उचललं. "दादी, काय करून राहिली? फुंकायचं न्हाई, ओढायचं! नळीनं सरबत पितात तसं."

"काहून? फुंकल्याबिगर कधी काही पेटतं व्हय?"

"ये चूल थोडीच है!"

"मग तूच दाखव."

तिनं नळी तोंडात धरली, डोळे घट्ट मिटले आणि श्वास ओढला. एक चेंडू वर गेला. ती कण्हली, पण नळी सोडली नाही. दुसराही उचलला.

"दिसलं?"

मला लख्ख दिसलं होतं.

"चष्मा न्हाई गं माझ्याजवळ," मी म्हटलं. "परत एकदा दाखव."