किमान तीन नको

विद्यापीठात त्यांना सगळे 'चालेलसर' म्हणत आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. संख्याशास्त्र शिकवायला लागून एकोणतीस वर्षं झाली, पण वेळापत्रकाबद्दल त्यांच्या तोंडून दुसरा शब्द कधी निघाला नाही. सकाळी साडेसातचा तास? चालेल. संध्याकाळचा शेवटचा? चालेल. तिसऱ्या मजल्यावरची ती कोंदट खोली? चालेल की, त्यात काय! बायको म्हणायची, "भीड भिकेची बहीण, कळतंय का?" सर हसून म्हणायचे, "अगं, कुणाला तरी जावंच लागणार ना." जायचे मात्र दर वेळी तेच.

त्या वर्षी विद्यापीठाने भिंतीवरचा, खोडून खोडून भोकं पडलेला तक्ता काढला आणि वेळापत्रक संगणकावर आणायचं काम एका लहानशा कंपनीला दिलं. कंपनीत ते ज्या मुलीच्या वाट्याला आलं, ती नेमकी सरांची थोरली. तिने ते हौसेने केलं. आठवड्याचे सगळे तास आणि मजले एकाच पानावर मांडले आणि प्रत्येकापुढे तीन बटणं ठेवली: हवा, चालेल, नको. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापकांनाही ते पाच मिनिटांत जमलं. सर घरी एका शब्दाने बोलले नाहीत. आपल्या पोरीचं कौतुक आपणच काय करायचं! पण त्या पानाची छापील प्रत आठवडाभर त्यांच्या खिशात होती.

मग पहिलं वेळापत्रक लागलं आणि एकच हलकल्लोळ झाला. कुणाला सलग पाच तास, कुणाला सकाळी पहिला आणि संध्याकाळी शेवटचा, मधे दिवसभर खुर्ची उबवायची. बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना रोज शेवटचा तास. सरांना आठवड्यातून चार दिवस तिसरा मजला. पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखांनी तर जाहीरच करून टाकलं की यंत्राला काडीची अक्कल नाही, तक्ता परत लावा. ही व्यवस्था ठेवायची की मोडीत काढायची, हे ठरवायला शुक्रवारी दुपारी सभा बोलावली गेली.

लेक दोन दिवस जेवणाच्या टेबलावर आकडे पसरून बसली होती. "बाबा, ही काय गंमत आहे? दोनशे दहा जणांपैकी एकशे सहासष्ट जणांनी झाडून सगळ्या तासांवर 'चालेल' दाबलंय."

"मग बरंच आहे की."

"पण खरंच चालतं का त्यांना?"

सर जरा घुटमळले. "चालत नाही गं. पण 'नको' असं तोंडावर कसं म्हणायचं? बरं दिसत नाही ते."

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुम्ही? तो गुडघा घेऊन तिसरा मजला?"

"चालेल गं."

"बाबा!" तिने कपाळावर हात मारला. मग कागद गोळा करत म्हणाली, "सभेत तुम्ही बोलू नका हं. लोक म्हणतील, बापाने लेकीची री ओढली." सरांनी कबूल केलं. न बोलणं हा तर त्यांच्या हातचा मळ होता.

शुक्रवारी सभागृह खचाखच भरलं. ती बोलायला उभी राहिली. "यंत्राने तुमचंच ऐकलं. तुम्ही 'चालेल' म्हणालात, ते त्याला खरं वाटलं. चूक माझी आहे, ते बटण मी ठेवायलाच नको होतं. आता मी ते काढलंय. 'हवा' आणि 'नको', दोनच. आणि किमान तीन 'नको' दिल्याशिवाय पान पुढे सरकणार नाही. 'नको' का, हे कुणालाही विचारलं जाणार नाही."

विभागप्रमुख ताडकन उठले. "म्हणजे आम्ही खोटं बोललो म्हणता? असा एक तरी माणूस दाखवा."

तिच्या समोरच्या यादीत पहिलंच नाव बापाचं होतं. तिने यादी मिटली. "नावं मी सांगणार नाही."

"मग झालं तर! लावा तक्ता." कुलसचिवांनी ठराव लिहायला पेन उचललं.

आता हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे सरांना कळत होतं. तरी बाकाला धरून ते उठले. "मी बोललो खोटं," ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं बोलतोय. मला साडेसातचा तास चालत नाही. तिसरा मजला तर अजिबात चालत नाही. मुलं पुढे गेली की मग मी कठडा धरून एकेक पायरी उतरतो. काम हिचं चोख होतं, फसवलं आम्ही. आणि मी काही एकटा नाही."

लेक लॅपटॉप घेऊन खाली उतरली आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. घरचा सूर नाही, काही नाही. "सर, तुमचे तीन सांगा."

पहिले दोन त्यांनी पटकन दाबले. तिसऱ्याला बोट जरा थांबलं, मग तेही टेकलं. पान पुढे सरकलं.

"माझेही घ्या," मागून रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. "शेवटचा तास नको. पाचही दिवस नको!" कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता लॅपटॉपपुढे रांग लागली. विभागप्रमुख थोडा वेळ दाराशी रेंगाळले. मग रांगेत शिरून त्यांनी हळूच विचारलं, "तीनच का? जास्त देता येतात का?"

कुलसचिवांनी पेन खिशात अडकवलं आणि ते सरांजवळ आले. "लेक तुमची, सर. शेवटी शिकवणही तुमचीच म्हणायची."

एरवी सर 'कसचं कसचं' म्हणून लाजले असते. आज त्यांनी मान हलवली. "नाही हो. मी तिला जन्मभर गप्प बसायलाच शिकवलं. तिने ऐकलं नाही. हे सगळं तिचं तिने केलंय आणि उत्तम केलंय. मला तिचा फार अभिमान वाटतो."

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. लेकीनेही मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते आणि समोरचे विभागप्रमुख म्हणत होते, "बाई, माझा चौथा 'नको' राहिला."