आधी हत्ती

तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन बुद्धिबळ खेळायचं तर एक युक्ती लागते. किल्लेकोट करताना, म्हणजे एकाच खेळीत राजा आणि हत्ती दोघांना हलवताना, आधी हत्ती हलवायचा, कारण राजा असतो तिच्या मुठीत, नाहीतर तोंडात. हत्ती बसवायचा, मग लाळेने न्हालेला राजा लाडीगोडीने सोडवून त्याच्या पलीकडे ठेवायचा. ती झोपेपर्यंत मी सगळी सुरुवात अशीच घोटली. प्यादं, घोडा, उंट, किल्लेकोट. राजा एकदा कोपऱ्यात सुखरूप झाला की मग लढाई.

आज निवड स्पर्धेची शेवटची फेरी. जिंकले तर संघात, हरले तर पट माळ्यावर. सासूबाईंशी तसंच ठरलं होतं. "एकदाच सांभाळते गं तिला. हरलीस तर पुन्हा हे खूळ नको."

समोर चष्मेवाले काका. प्यादं, घोडा, उंट, सगळं मनासारखं. तेवढ्यात दाराबाहेर ती रडली. भुकेचं रडणं. छाती भरून आली, कपडे ओले झाले. पटकन कोट करावा आणि धावत जाऊन पाजून यावं, म्हणून मी हत्ती उचलला.

काकांनी हात वर केला. पंच आले.

"ताई, आधी हत्तीला हात लावलात?"

"अहो, पण मला किल्लेकोटच करायचा होता..."

"त्यात आधी राजा उचलायचा असतो. आता हत्तीचीच खेळी करा. या बाजूचा कोट गेला."

"कुणी शिकवलं हो असं?" काका हसले.

काय सांगू, कुणी शिकवलं!

हत्ती राजाला खेटून ठेवला. राजा मध्येच, उघड्यावर. काकांनी मधली प्यादी फोडली. मी वजीर आडवा घातला, घोडा मागे ओढला, हाताला लागेल ते पुढे केलं. बाहेर तिचा आवाज घोगरा होत गेला. थांब गं राणी, थोडंच थांब. शेवटी राजाला पळायला एकच घर होतं, आणि तिथे माझाच हत्ती उभा.

बाहेर येऊन तिला पदराखाली घेतलं.

"हरलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

पिशवीतला माझा पट काढून त्यांनी तिला खेळवलं होतं. आता एकेक सोंगटी डब्यात भरायला लागल्या.

"राजा कुठाय?"

तिच्या मुठीत होता. त्यांनी तिचं एक बोट उलगडून पाहिलं. मूठ आणखी घट्ट झाली.

"पिऊ दे आधी," त्या म्हणाल्या. "माळ्यावर चढायची कुणाला घाई आहे?"

डब्याचं झाकण मात्र त्यांनी लावून टाकलं.