शुक्रवारची घंटा

पवित्र गुरुवारची मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की सासूबाई चर्चच्या घंटेचा दोर वर गुंडाळून खुंटीला बांधायच्या. मग शनिवारी रात्री ईस्टरचं गाणं सुरू होईपर्यंत साक्षात देवदूत उतरला असता, तरी त्यांनी त्याला दोराला हात लावू दिला नसता. प्रभू थडग्यात असताना घंटा बोलत नाही, असा नियम. आमच्या घरी तो नियम घंटेवर थांबत नसे. पवित्र शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दारावरची बेल बंद, फोन बंद, पातेलं जरा आपटलं तरी सासूबाईंच्या कपाळाला आठी. मागे एकदा माझ्या लेकीने तीनचाकी सायकलची घंटी वाजवली, तर त्यांनी त्या घंटीला मोजा बांधला होता. आता माझ्या शिलाई मशीनवरही गोधडी घालतील, असं मी नवऱ्याला म्हटलं होतं.

माझी जीभ तिखट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सासूबाईंबद्दल कुरकुर करायचा हक्क माझा. दुसऱ्या कोणी वाकडा शब्द काढलेला मला खपत नाही. आधी घंटा सासरे वाजवायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हा चर्चची कमिटी नवा माणूस शोधू लागली, आणि तो मिळेपर्यंत म्हणून सासूबाईंनी दोर धरला. बाईच्या हाताने घंटेला आवाज यायचा नाही, असं तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते. हेडमास्तर कमिटीचे अध्यक्ष. शाळेतून कधीच निवृत्त झाले, पण आख्ख्या वस्तीला अजून वर्गच समजतात. सासूबाई दोर ओढत राहिल्या. त्यांच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले, आणि नवा माणूस शोधायचं सगळेच विसरून गेले.

या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ पावसात गेला. हे पावसाचे दिवस नव्हेत, तरी तो हट्टी पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला. आमचं चर्च डोंगराच्या पायथ्याशी, वस्तीपासून जरा बाजूला. मागे डोंगराची माती अडवायला दगडी भिंत आहे. चर्चला यायच्या वाटा दोनच: एक समोरचा रस्ता, आणि दुसऱ्या वरच्या आळीतून त्या भिंतीला अगदी चिकटून खाली उतरणाऱ्या पायऱ्या.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चचं मागचं दार अडकायला लागलं. सुताराने रंधा मारला, दार नीट लागलं. बुधवारी परत अडकलं. त्याने परत रंधा मारला आणि लाकूड पाण्याने फुगतंय म्हणाला. मी म्हटलं, "दोनदा तासलेलं लाकूड किती फुगणार? कणीक आहे का ती?" हेडमास्तर म्हणाले, सण झाल्यावर बघू. सासूबाईसुद्धा त्यांच्याच बाजूने. "पवित्र आठवड्यात दाराची कटकट नको," म्हणाल्या. मी आठवडाभर ज्याला त्याला ते दार ऐकवत होते. शेवटी शेवटी लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. माझ्याही मनात दाराची चीड होती, भीती नव्हती. भिंतीचं नाव आमच्यापैकी कोणीच काढलं नाही.

शुक्रवारी दुपारी सासूबाई, मी आणि माझी लेक चर्च झाडायला गेलो. फादर पलीकडच्या वस्तीत एका आजाऱ्याकडे गेले होते, ते उपासनेच्या वेळी येणार होते. वेदी उघडी केलेली, कापड नाही, फुलं नाहीत, मेणबत्ती नाही. ते उघडं लाकूड बघितलं की मला दरवर्षी घर रिकामं करून कोणी निघून गेल्यासारखं वाटतं. पाऊस थांबला होता. बाहेर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

"आई, आज फार गप्प गप्प आहे सगळं," मी म्हटलं.

"आजचा दिवसच गप्प बसायचा."

"तो माणसांचा नियम. कावळ्यांना कोणी सांगितला?"

त्या हसल्या नाहीत. खालच्या आवाजात बोलत राहिल्या. शुक्रवारी त्या एवढ्याच आवाजात बोलत. "प्रभूच्या क्रूसाजवळ कोण राहिलं शेवटी? बरोबर जेवणारे सगळे पुरुष पळाले. बाया राहिल्या. त्यांना काही करता येत नव्हतं, तरी राहिल्या."

"पळून गेलेल्यांची मोठमोठी चर्च झाली," मी म्हटलं. "बायांच्या हातात केरसुणी."

"तुझ्या जिभेला हाड नाही," त्या म्हणाल्या, पण ओठ जरा हलले होते.

तेवढ्यात मागच्या दाराने करकर आवाज केला. दार बंद होतं आणि वाराही नव्हता. वरच्या कोपऱ्यातून चुन्याची धूळ सुटली. आम्ही दोघींनी मिळून दार ओढलं, ते निम्मं उघडलं, आणि सासूबाईंनी मान बाहेर काढली. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. भिंत गच्च भरलेल्या पोत्यासारखी पोट काढून उभी होती. दगडांच्या फटींतून गढूळ पाणी येत होतं आणि मधूनच एखादा छोटा खडा टुणकन खाली पडत होता.

लांबून खट खट ऐकू आलं. घंटा मुकी असते तेव्हा माझा धाकटा दीर दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटत आळीआळीतून फिरतो. तो आवाज आला की लोकांनी निघायचं.

"माणसं निघाली," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला घे आणि पळ. धाकट्याला थांबव. माणसं मागे फिरव."

"आणि तुम्ही?"

"मी पायऱ्यांकडे बघते. तू जा गं आधी."

मी लेकीला कडेवर घेऊन समोरच्या रस्त्याने पळाले. वळणावर माणसं भेटली. काळे कपडे, खाली माना, उपाशी चेहरे. शुक्रवारी उपासनेला म्हणून घरातून निघाल्यापासून ती संपेपर्यंत आमच्यात कोणी शब्द काढत नाही. सगळ्यांत पुढे हेडमास्तर.

"थांबा. चर्चमागची भिंत पडतेय. पुढे जाऊ नका."

हेडमास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, भिंत फुगलीय. मी डोळ्यांनी बघून आलेय."

त्यांनी परत बोट ठेवलं, वर डोळे मिटून मान हलवली. मागच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं. दार झालं, आता भिंत, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मी वाटेत आडवी उभी राहिले, तर माणसं पाण्यासारखी माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे जायला लागली. मी एकीचा पदर ओढला. तिने तो शांतपणे सोडवून घेतला.

दीर मागे होता. मी त्याच्या हातातल्या फळ्या हिसकावल्या तेव्हा त्याला माझा चेहरा दिसला. "वहिनी, आई कुठंय?" एवढंच त्याने विचारलं. मी चर्चकडे बोट केलं, आणि तेव्हा मला वर पायऱ्यांच्या तोंडाशी वरच्या आळीची माणसं दिसली. म्हातारी माणसं, लेकरांना हाताला धरलेल्या आया, एकामागोमाग एक, मुकाट. पुढच्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. सासूबाई खाली होत्या. त्या चढून वर पोचायच्या आत ही सगळी भिंतीशी आली असती, आणि त्यांनी ओरडून सांगितलं असतं तरी त्यांनाही कोणी ओठांवर बोटच दाखवलं असतं.

मग घंटा वाजली.

असा आवाज मी तिच्यातून कधी ऐकला नव्हता. प्रार्थनेची ना मयताची, कसलीच लय नाही. नुसते दणके. माझ्या आजूबाजूची माणसं जागच्या जागी थिजली. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला आणि ती रडायला लागली. वर पायऱ्यांवरची रांगही थांबली. कोणीतरी मागे सरकलं, मग सगळेच सरकले. जे शब्दाने झालं नव्हतं ते पापाच्या भीतीने झालं. मला सासूबाईंचा फार अभिमान वाटला.

हेडमास्तर मात्र थिजले नाहीत. त्यांचं मौन सुटलं. "कोण वाजवतंय ते? आजच्या दिवशी? खेचून बाहेर काढतो तिला," असं म्हणत ते चर्चकडे धावले. त्यांच्यामागे आणखी चारपाच जण. मी लेकीला दिराकडे दिलं, धावत जाऊन हेडमास्तरांच्या कोटाची कॉलर मागून पकडली आणि सगळं वजन टाकून रस्त्यावर बसले. तेही माझ्याबरोबर खाली आले. मागचे अडखळले.

"सोड मला. बाई, कॉलर सोड माझी."

"नाही सोडत."

"अगं, ती घंटा बंद करायला नको का?"

आधी पायांखाली गुरगुर आली आणि मग डोंगराचा एक मोठा तुकडा खाली बसला. घाईने नाही, दमलेलं माणूस खुर्चीत बसतं तसा. पायऱ्या गेल्या. चर्चचं मागचं छप्पर गेलं. चिखल, दगड, झाडं सगळं एकातून एक बाहेर येत होतं आणि वर धुळीचा ढग चढत होता. वरच्या आळीची माणसं काठावर उभी राहून बघत होती. सगळीच्या सगळी काठावर होती.

घंटेचा मनोरा पुढच्या बाजूला होता. तो उभा होता की नाही ते धुळीत दिसत नव्हतं, पण घंटा वाजत होती. "आई वाजवतेय," दीर म्हणाला. "आई आहे." धुळीत काहीतरी परत मोडलं. घंटेचा आणखी एक ठोका आला, मग बराच वेळ गेला आणि एक अर्धवट ठोका आला.

नंतर काही आलं नाही. हेडमास्तर चिखलात माझ्याशेजारी बसले होते, त्यांची कॉलर अजून माझ्या मुठीत होती. ते चर्चकडे बघत होते.

"वाजव," ते हळूच म्हणाले. "वाजव गं बाई, थांबू नको."

आम्ही सगळे ऐकत राहिलो.