यादीतलं सहावं काम

सासूबाईंनी यादी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिली होती. एक, दूध, कोमट. दोन, दात. तीन, निळे कपडे. चार, हत्तीचं पुस्तक, दोनदा. पाच, पाठीवर थोपटणे, हळू. खाली रेघ मारून शेरा होता: 'एवढं केलं की झोपतेच.'

बाबाचा याद्यांवर विश्वास होता. नऊ वर्षं त्याने पाणी शुद्धीकरण केंद्रात रात्रपाळी केली होती. कोणती झडप कधी उघडायची, क्लोरीन कधी तपासायचं, सगळं यादीबरहुकूम. पण दोन वर्षांच्या लेकीला त्याने आजवर एकदाही झोपवलं नव्हतं. ते काम तिच्या आईचं. महिन्यापूर्वी आई नव्या नोकरीसाठी पुढे गेली, तेव्हापासून आजीचं. आता बापलेक दोघंच विमानाने आईकडे निघाले होते आणि तिथे आईची ड्युटी संध्याकाळची होती. म्हणजे उद्यापासून हे काम रोजचं बाबाच्या गळ्यात.

"विमानात जमलं तर पुढे जमेल," बायको फोनवर हसत म्हणाली होती. "नाहीतर तुझं काही खरं नाही."

विमानात, घरच्या वेळेने आठ वाजले तसा तो कामाला लागला. दूध मनगटावर थेंब टाकून बघितलं. दात घासले, त्यात फेस लेकीच्या तोंडात कमी आणि त्याच्या शर्टावर जास्त गेला. निळे कपडे चढवले. हत्ती दोनदा नदीवर जाऊन आला. मग थोपटणं. भिंगरी, घरात तिला सगळे हेच म्हणत, डोळे टक्क उघडे ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा, टाटा," ती म्हणाली.

"टाटा कुठे? मी इथेच आहे, राणी."

"बाबा जा!" तिने दोन्ही हातांनी त्याला ढकललं आणि भोकाड पसरलं.

पुढच्या दोन माना वळल्या. बाबाने यादी पुन्हा पहिल्यापासून तपासली. काही राहिलं नव्हतं. दूध पुन्हा देऊन बघितलं, ते तिने उडवून लावलं. "टाटा! बाबा टाटा!" एवढाच धोशा. पोटची पोर जा म्हणते, तर पुढे रोज काय करायचं?

खिडकीशी बसलेल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या त्या. जेवणाच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

"अहो, घरी कधी झोपवता की नाही हिला?"

"नाही हो मावशी. माझी रात्रपाळी. हिच्या झोपायच्या वेळेला मी डबा घेऊन निघतो. ही दारापर्यंत येते, टाटा करते, मग आत जाऊन..."

तो बोलता बोलता थांबला.

"मग आत जाऊन झोपते," बाईंनी वाक्य पुरं केलं. "अहो, मग जा की! बसलात काय?"

सासूबाईंनी स्वतःची कामं तेवढी लिहिली होती. जावयाचं कशाला लिहितील?

बाबाने जाकीट चढवलं. खिशात हात घातला आणि तो पुन्हा अडला. घराच्या किल्ल्या काल मालकाला दिल्या, केंद्राच्या परवाच. निघताना किल्ल्या वाजवायची त्याची सवय होती. बाईंनी पर्समधून हा एवढा मोठा जुडगा काढला.

"घ्या. घरी ठेवून आले तर मला झोप लागत नाही."

त्याने जुडगा खुळखुळवला. भिंगरीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

"भिंगरे, टाकी भरून येतो हं."

"भल," ती शहाण्यासारखी म्हणाली आणि हात हलवला.

तो मागे स्वच्छतागृहांपाशी जाऊन उभा राहिला. हवाई सुंदरीने विचारलं, "काही हवंय का?"

"नाही, मी ड्युटीवर आलोय," तो म्हणाला. तिने जरा संशयाने बघितलं.

क्लोरीन टाकल्यावर पाण्याला अर्धा तास द्यावा लागतो; मध्ये घाई करून भागत नाही. त्याने घड्याळ लावलं. पण अठराव्या मिनिटाला विमान हलायला लागलं, पट्ट्यांचे दिवे लागले आणि त्याला जागेवर पिटाळण्यात आलं.

तो चोरपावलांनी आला. बाईंच्या दंडाला टेकून भिंगरीचे डोळे मिटले होते. तो अलगद टेकला, किल्ल्या मुठीत आवळून धरल्या, पण एक वाजलीच. भिंगरीने एक डोळा उघडला. बाबाने श्वास रोखला. आता ही पुन्हा टाटा म्हणणार!

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तो रोज रात्री गेलेला तिला माहीत होता; परतायचा तेव्हा ती गाढ झोपेत असायची.

"बाबा आला?"

"आलो."

"टाकी भल्ली?"

"काठोकाठ."

तिने एक पाय लांब करून त्याच्या मांडीवर टाकला आणि डोळा मिटला. बाईंनी जुडग्याकडे बघून हातानेच खूण केली: असू दे, उतरताना घेईन.

बाबाने पाय हलू न देता खिशातलं पेन काढलं. यादीत शेऱ्याच्या वर थोडी जागा होती. तिथे त्याने बारीक अक्षरात लिहिलं: सहा, बाबा जातो. मग जरा थांबून आणखी एक ओळ घातली. सात, बाबा येतो.