निबियासाठी घेतलेला दुसरा थर्मास

मित्रांनो, माझ्या अंगात मोलाचं जे काही आहे, ते म्हणजे काहीच नाही. हे मी विनयानं म्हणत नाही. काचेच्या दोन भिंती आणि त्यांच्यामधली काढून घेतलेली हवा, एवढाच माझा ऐवज. त्या रिकाम्या जागेच्या जोरावर सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं. माणूस आतून पोकळ निघाला तर त्याला नावं ठेवतात. थर्मासची मात्र त्यावरच किंमत ठरते. मी तसा एक जुना, हिरवा थर्मास. एका बाजूचा हिरवा रंग उडालाय, कारण त्या बाजूनं मी वर्षानुवर्षं विल्मार न्हाव्याच्या काखेत राहिलो.

माझा जन्म सीमेपलीकडचा, ब्राझीलमधला. तिथं माझी काच फुंकली, तिला आरशासारखा चांदीचा मुलामा दिला आणि पत्र्याचा अंगरखा चढवून मला गवतात गुंडाळून ट्रकमध्ये घातलं. उरुग्वे देशात, त्याच नावाच्या नदीकाठच्या फ्राय बेंतोस गावात, आल्सिदेसच्या दुकानात मी फळीवर बसलो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागलो.

आमच्या गावात थर्मास घेणं म्हणजे कोट घेण्यासारखं असतं. तो अंगावर घालून बघतात. डाव्या काखेत थर्मास, त्याच हातात येर्बाचा, म्हणजे इथल्या कडू चहाचा, पाला भरलेला सुका भोपळा, भोपळ्यात धातूची नळी. आणि उजवा हात जगातल्या इतर कामांसाठी मोकळा. इथली माणसं अशीच चालतात, अशीच भांडतात, अशीच मत द्यायला जातात. त्या दिवशी विल्मारची बायको निबिया त्याला घेऊन आली होती. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता.

"चाल दारापर्यंत," ती म्हणाली.

तो चालला.

"आता हात वर कर."

"अगं, पडेल ना!"

"पडला तर घ्यायचा नाही. उद्या कुणी ओळखीचं दिसलं, तू हात केलास, की फुटला. मग?"

मी पडलो नाही. मग आल्सिदेसनं माझ्यात उकळतं पाणी ओतलं, बूच लावलं, आणि थोड्या वेळानं निबियानं माझ्या पोटाला गाल लावला. "गार आहे," म्हणाली आणि हसली. चांगल्या थर्मासची खूण हीच, मित्रांनो. आत काय चाललंय, ते बाहेरून हात लावणाऱ्याला कळता कामा नये.

पुढची वर्षं माझ्या वैभवाची. चौकाच्या कोपऱ्यावर विल्मारचं केस कापायचं दुकान होतं. सकाळी किटली गुणगुणायला लागली, की निबिया ती उतरवायची. पाणी उकळू द्यायची नाही, कारण उकळत्या पाण्यानं पाला करपतो आणि घरच्या बाईची अब्रू जाते. मग मी दुकानात जायचो. विल्मार एका डोक्यावरून कात्री चालवता चालवता भोपळ्यात पाणी ओतायचा आणि बाकावरच्या माणसाला द्यायचा. तो पिऊन परत करायचा, पुन्हा ओतलं की पुढच्याला. भोपळा एक, नळी एक, तोंडं अनेक. नळी पुसून प्यायची नाही; पुसली तर तो आधीच्या माणसाचा अपमान. दुपारपर्यंत मी रिकामा होऊन घरी यायचो आणि पुन्हा भरला जायचो. कित्येकांना केस कापायची गरजच नसायची. एक टकला वकील तर रोज यायचा.

संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर आम्ही तिघं बसायचो. तो ओतायचा, ती प्यायची; तो ओतायचा, तो प्यायचा. भर उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत, माझ्यात गार लिंबूपाणी असायचं. त्यांना मूल नव्हतं. गावानं त्यावर पुष्कळ वर्षं चर्चा केली आणि मग कंटाळून विषय सोडला.

मग निबियाच्या रक्तात काहीतरी बिघडलं.

राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की औषधं जालीम आहेत, अंगातली झुंजायची ताकद मारून टाकतील. साधा सर्दीचा जंतूही पुरेसा होईल. "दुसऱ्याच्या तोंडची नळी बंद," त्या म्हणाल्या. विल्मारनं विचारलं, "म्हणजे बाहेरच्यांची ना?" त्या म्हणाल्या, "तुमचीसुद्धा."

परतीच्या बसमध्ये निबिया बराच वेळ खिडकीबाहेरच्या गाई बघत होती. मग म्हणाली, "गावात कुणाला सांगायचं नाही."

"मिर्ताला तरी?" मिर्ता तिची थोरली बहीण.

"तिला तर मुळीच नाही. आईच्या वेळी आठवतंय ना? रोज कुणी ना कुणी केक घेऊन, तोंड लांब करून हजर. शेवटी तीच बिचारी त्यांची समजूत काढत बसायची. माझ्यासाठी मी मेल्यावर रडा म्हणावं. आधी नको. शपथ घे."

"घेतली."

"थर्मासवर हात ठेवून घे."

त्यानं माझ्या बुचावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो मला काखेत मारून आल्सिदेसच्या दुकानात गेला. आल्सिदेस आता म्हातारा झाला होता आणि फळीवर माझे नातेवाईक उरले नव्हते. सगळे पोलादी, चकचकीत. आपटले तरी न फुटणारे.

"हलका दाखव," विल्मार म्हणाला.

"कितपत हलका? हा बघ, नवा आलाय. ह्यात गरम गरम राहतं, गार गार राहतं..."

"ते जुन्यातही राहतं. बूच फिरवायचं नको. बोटानं नुसतं दाबलं की पाणी आलं पाहिजे. हाताला जोर लागता कामा नये."

"तुझ्या हाताला काय धाड भरलीय? दिवसभर वस्तरा चालवतोस."

"मला नकोय. निबियाला."

आल्सिदेसनं माझ्याकडे पाहिलं. मग विल्मारकडे. "पण हा आहे की तुमचा."

"हा माझा. तो तिचा."

दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्या दोघी झाकणाच्या डब्यांकडे इतक्या निरखून पाहू लागल्या, की डब्यांना लाज वाटावी. आमच्या गावात नवरा-बायकोचा थर्मास एक असतो. वेगळा झाला म्हणजे वकिलाकडे जायचं तेवढं बाकी राहिलं. विल्मारनं प्रत्येक थर्मास उचलून पाहिला, डाव्या हाताच्या करंगळीनं बूच दाबून पाहिलं, कारण निबियाच्या अंगठ्यात आता तेवढंच बळ होतं. शेवटी एक छोटा, निळा निवडला. कोणाच्या काखेत तो बसतो का, हे मात्र त्यानं पाहिलं नाही. आल्सिदेसनं बांधून देताना हळूच म्हटलं, "माफी मागून टाक रे. काय असेल ते."

विल्मार म्हणाला, "बरं."

संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर दोन थर्मास, दोन भोपळे, दोन नळ्या. ती तिचं ओतते, तो त्याचं ओततो. गावानं पाहिलं आणि गावाला सगळं कळलं. आधी भांडण झालं होतं. आठवडाभरात विल्मारची बाहेरख्याली निघाली. मग असं ठरलं, की त्याला आता बायकोची नळी तोंडाला लावायची किळस येते. निबिया वाळत चालली, तेही सगळ्यांना दिसत होतं. फक्त कारण आधीच ठरून गेलं होतं. डोक्याला रुमाल बांधायला लागली, तेव्हा बायका म्हणाल्या, बिचारी देवाधर्माला लागली. तोंडात फोड यायचे तेव्हा ती निळ्या थर्मासमध्ये गार पाणी न्यायची. ते पाहून म्हणाल्या, बघा, पाणी गरम करायचीसुद्धा इच्छा उरली नाही.

एका सकाळी मिर्ता दुकानात शिरली. खुर्चीत एकजण अर्धी दाढी झालेला बसला होता.

"तीस वर्षं तिच्या हातचं प्यालास ना रे, विल्मार? आता काय, तिच्या तोंडाला विष लागलं?"

"मिर्ता, गिऱ्हाईक आहे."

"असू दे! त्यालाही ऐकू दे. कोण आहे ती? नाव सांग. मी जाऊन तिच्या झिंज्या उपटते."

"कुणी नाही."

"मग का? एक कारण सांग. एक."

विल्मारनं वस्तरा पट्ट्यावर घासला. मी आरशासमोर उभा होतो. माझ्या आत सकाळचं पाणी वाफाळत होतं आणि माझं अंग गार होतं. त्याचा चेहराही तसाच. "गिऱ्हाइकाचा साबण वाळतोय," एवढंच तो म्हणाला. मिर्ता जाताना जमिनीवर थुंकली. अर्धी दाढी झालेल्या माणसानं उरलेली दाढी गपचूप करून घेतली आणि समोर धरलेला भोपळा पाहून म्हणाला, "नको. मी घरून पिऊन आलोय."

त्यानंतर सगळेच घरून पिऊन येऊ लागले. मग येईनासेच झाले. टकला वकीलसुद्धा.

घरी निबिया विचारायची, "दुकान कसं होतं?"

"अगं, बसायला जागा नाही," विल्मार सांगायचा.

पण एका संध्याकाळी तो अंघोळीला गेला असताना निबियानं मला विसळायला घेतलं. दोन्ही हातांनी उचलावं लागलं. बूच काढलं, मला मोरीत उलटं केलं, आणि माझ्यातून पाणी पडतच राहिलं. सकाळी तिनंच भरलेलं, तोंडापर्यंत. अजून वाफ निघत होती. मित्रांनो, आयुष्यभर मी पाणी गरम ठेवलं याचा मला अभिमान होता. त्या एका दिवशी तडा गेला असता तर बरं झालं असतं.

तो टॉवेल गुंडाळून आला तेव्हा ती मोरीशीच उभी होती.

"कोणीच प्यालं नाही आज?"

"उकाडा होता."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते. काय म्हणतात?"

त्यानं सांगितलं. किळस हा शब्द मात्र गाळला. तो तिनं दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून मिळवला.

"सांगून टाकू का?" विल्मारनं विचारलं. "उद्या दुकान गच्च भरेल."

"आणि घरही," निबिया म्हणाली. "नको. मी बघते."

शनिवारी सकाळी चौकात भाजीबाजार असतो. त्या गर्दीतून निबिया एकटी, हळूहळू, भिंतीला हात लावत चालत आली. ओठांना लाली लावली होती. दुकानाचं दार तिनं उघडंच ठेवलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि खुर्ची रस्त्याकडे फिरवून घेतली. मिर्ता वांगी टाकून धावत आली. तिच्यामागे निम्मा बाजार.

"विल्मार," निबिया म्हणाली, "मला एक दे."

त्याच्या हातात त्याचा भोपळा होता. नुकतीच त्यानं नळी तोंडातून काढली होती. "तुझा थर्मास कुठाय?"

"विसरले. तुझाच दे."

"नको, निबिया."

"अरे दे की तिला!" बाहेरून कोणीतरी ओरडलं.

"बायको स्वतः चालत आली आणि ह्याचा ताठा बघा!"

"निबिया, नको," तो पुन्हा म्हणाला. त्यानं भोपळा छातीशी धरला होता. मी इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. शपथेखाली दबलेला माणूस याहून जास्त काही बोलू शकत नाही. लोक हसले. शिट्ट्या झाल्या. मग मिर्तानं पुढे होऊन भोपळा त्याच्या हातातून हिसकावला, मला उचललं, पाणी ओतलं आणि आपल्या हातानं बहिणीला दिलं.

निबिया प्याली. पाणी गरम होतं आणि तिच्या तोंडात फोड होते. तिनं शेवटचा घोट सुर्र आवाज करून ओढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि भोपळा नवऱ्याला परत दिला. "आता तू पी," म्हणाली. नळी न पुसता तो प्याला.

टाळ्या पडल्या. कोणीतरी बेकरीतून गोड पाव आणले. मिर्ता दोघांच्या गळ्यात पडून रडली. दुपारपर्यंत मी तीनदा भरला गेलो. टकल्या वकिलानं मान साफ करून घेतली आणि भोपळा दोनदा मागून घेतला. गावानं एक संसार वाचवला होता आणि गाव स्वतःवर फार खूश होतं.

पुढच्या शनिवारच्या आधीच निबियाला ताप भरला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मिर्ता डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "पण असं अचानक कसं?"

"अचानक? वर्षाच्या वर उपचार चालू होते. कुणाच्या नळीला तोंड लावू नका, म्हणून मी बजावलं होतं." मग मिर्ताचा चेहरा पाहून त्या घाईनं म्हणाल्या, "त्यानंच झालं असं नाही. बसमधल्या हवेतूनही ताप येऊ शकतो. ते कळायला मार्ग नाही."

मिर्तानं विल्मारकडे पाहिलं. तो मला मांडीवर घेऊन बसला होता. शपथ आता सुटली होती, तरी त्यानं माझं बूच आणखी घट्ट केलं.

निबियाला पुरल्यावर घर लोकांनी भरून गेलं. केक आले, लांब तोंडं आली. आणि प्रत्येकजण आपापला थर्मास, आपापला भोपळा घेऊन आला. विल्मारला त्रास नको, म्हणून. ते सगळे भिंतीलगत ओळीनं बसले, आपापलं ओतून आपापलं प्यायले. विल्मार पाला भिजवून, नळी खोचून मधोमध बसला होता. त्यानं एकदा भोपळा मिर्तापुढे धरला. तिनं हात पुढे केला, नळीकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग त्यानं कोणापुढेच धरला नाही.

अजूनही तो सकाळी मला भरतो. किटली गुणगुणायला लागली की उतरवतो. दुकान चालतं, लोक येतात, जरा जास्तच अदबीनं येतात, आणि येताना आपापला थर्मास आणतात. संध्याकाळी मी भरलेला घरी येतो. पाणी तोपर्यंत गरम असतं.

मित्रांनो, तुम्ही कधी थर्मास घ्यायला जाल. तोंड किती रुंद, बूच कसलं, पाणी किती मावतं, हे सगळं दुकानदार सांगेल. त्यात मी भर घालत नाही. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या गल्लीत असा कोणी असेल, ज्याचं माणूस गेलंय, तर त्याला भेटायला जाताना काही नेऊ नका. केक नको, थर्मास तर नकोच. मोकळ्या हातांनी जा. त्याच्या शेजारी बसा, तहान नसली तरी पाणी मागा, आणि त्यानं ओतून दिलं की त्याच्याच नळीनं, न पुसता, शेवटच्या घोटापर्यंत प्या.

मग भोपळा परत द्या, आणि अजून एक मागा.